न मळलेले शर्ट

भूकंपानं मला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी पंधरा निळे शर्ट म्हणेन. तसं कुणी विचारलेलं नाही. काय नेलं ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तेही कुणी विचारलं नाही. माझी आई आणि धाकटी बहीण गावाकडच्या घरात दगडामातीखाली गेल्या तेव्हा मी लातूरला सासरी होते. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. मी आधीपासूनच कमी बोलायची. त्यानंतर गल्लीतल्या बायका माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागल्या आणि पुढं पुढं बोलेनाशाच झाल्या. जिचं माहेर गेलं तिच्याशी काय बोलावं ते त्यांना सुचत नसेल. मलाही सुचत नव्हतं.

आमच्या ह्यांचं मोटारी बांधायचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यांना नवी तार भरून द्यायची. त्या दिवसांत दुकान बंद ठेवून हे मदतीचे ट्रक उतरवायला जायचे. कपड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे यायचे. एका गठ्ठ्यात एकाच रंगाचे, एकाच मापाचे पंधरा शर्ट निघाले, कोऱ्या घडीचे, आखूड बाह्यांचे. गावात त्यांना कुणी हात लावेना. बायांना लुगडी पाहिजे होती, म्हाताऱ्यांना धोतरं. वाटप करणारे साहेब म्हणाले, घेऊन जा. ह्यांनी ते घरी आणून माझ्यापुढं ठेवले.

"टीम होतीय की ह्याची," म्हणाले.

हे लहानपणी हैदराबादला मामाकडं राहिलेले, तिथं फुटबॉल शिकलेले. लातूरला तो खेळ फार कुणी खेळत नव्हतं. घराजवळच्या शाळेत जाऊन ह्यांनी सांगितलं, संध्याकाळी पोरांना शिकवतो. शाळेनं हो म्हटलं. अशी टीम झाली.

शर्ट मोठ्या माणसांच्या मापाचे होते. मी बाजूच्या शिवणी आत घेतल्या आणि जुन्या धोतराचं कापड कापून पाठीवर आकडे लावले. मी चौथी शिकलेली, मला येतात तेच आकडे लावले, मराठी. ह्यांनी बघितलं तोवर नऊ शर्ट झाले होते. म्हणाले, "राहू दे. बॉलला वाचता येत न्हाई."

आठवड्यातून एकदा हे शर्टांचं गाठोडं घेऊन यायचे आणि ते मी धुवायची. आमच्याकडं नळाला आठ आठ दिवस पाणी येत नसे, म्हणून धुण्याचा दिवस नळावर ठरायचा. पहिलं पाणी काळं निघायचं. आपल्याकडची माती निळ्या कापडावर फारशी दिसत नाही, पण पाण्यात उतरते. दुसरं पाणी राखेच्या रंगाचं, तिसरं जरा बरं. तिसरं मी संडासाला ठेवायची. मग अंगणातल्या तारेवर एक ते पंधरा ओळीनं वाळत घालायची. आकडे चुकवून घातले तर मला बरं वाटत नसे.

पोरांची नावं मला कधी नीट कळली नाहीत. ती अंगणात आली की मी आत जायची. पण शर्ट मला सांगायचे. एक नंबर गोलवर उभा राहणारा, त्याच्या छातीला आणि दोन्ही कोपरांना माती. चार नंबरच्या गळ्याची शिवण दर खेपेला उसवलेली, कारण समोरची पोरं त्याला मागून धरायची. सात नंबर कायम डाव्या अंगावर पडायचा. त्याच्या डाव्या खांद्यावर मी तीनदा ठिगळ लावलं. वर्षं गेली तशी पोरं बदलत गेली, शर्ट तेच राहिले. सात नंबर मी तिघं पाहिले. पण सात नंबर म्हटलं की मला शेवटचा आठवतो. पत्र्याच्या पेट्या करणाऱ्याचा मुलगा, बारीक, माझ्यासारखाच गप्प. मला चाची म्हणायचा, बाकीचे काकू म्हणायचे.

टीम हरायची. जिल्ह्यात फुटबॉलच्या तीन-चारच टीमा, म्हणून कधी कधी आमची पोरं नांदेडला विभागाच्या सामन्याला जाऊन पोचायची. तिथं नांदेडची टीम सात-आठ गोल घालून परत पाठवायची. हे रात्रीच्या गाडीनं आले की गाठोडं कोपऱ्यात टाकून जेवायला बसायचे. किती झाले ते मी विचारत नसे. जेवणावरून कळायचं.

तोवर लातूर बदललं होतं. आमच्या गल्लीत क्लासच्या पाट्या लागल्या. जिथं जांभळाची झाडं होती तिथं मजले चढले आणि खोल्या भाड्यानं द्यायच्या झाल्या. परभणीची, बीडची, कुठली कुठली पोरं पाठीला दप्तर अडकवून सायकलवर दिवस उजाडायच्या आत निघायची. टीमची पोरं कमी होत गेली. नववीत आला की बाप येऊन सांगायचा, आता त्याला खेळ नको. काही संध्याकाळी मैदानावर आठच जण असायचे. तारेवर आठ शर्ट आणि मध्ये मध्ये मोकळी जागा.

त्या वर्षी हेडसरांनी ह्यांना बोलावून घेतलं. शाळेलाही जादा तासांसाठी मैदानावर पत्र्याचं शेड टाकायचं होतं. हे जेवताना मला म्हणाले, "यंदा नांदेडहून काही घेऊन आलो तर पुढचं बघू म्हणले. न्हाईतर बंद."

मी भाकरी वाढली. टीम बंद झाली तर तुम्ही काय करणार, असं विचारावंसं वाटलं. मी काय करणार, तेही वाटलं. आमच्या दोघांत बोलायला दुसरं काही नव्हतं. मूलबाळ झालं नाही. गाठोडं यायचं आणि घड्या होऊन परत जायचं, एवढंच आमचं बोलणं.

नांदेडला जायच्या दिवशी शर्ट पुरते वाळले नव्हते. चौदा, पंधरा दमट होते, ते मी वेगळ्या पिशवीत दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी पोरं घरी आली. असं कधी झालं नव्हतं. ह्यांनी गाठोडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "जिंकलो." मग घसा खाकरून, "खायला कर काहीतरी."

मी चुरमुऱ्याचा सुशीला करायला घेतला. स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडत होती. खिडकीखाली चूल, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं आणि मी कुणाला दिसत नव्हते.

"काकू, ऐकू येतंय का आत?" हा एक नंबर. "पहिल्या दहा मिन्टांत मी तीन अडवले. पुढं मोजायचं सोडून दिलं."

"तीनच्या पुढं येत न्हाई त्याला, काकू," चार नंबर म्हणाला. तो मुरुडकडचा शेतकऱ्याचा मुलगा, आवाज मोठा. "आन् ती नांदेडची पोरं काय म्हणली म्हायतीय का? आमचे नंबर बघून. म्हणली, आरे ही बालवाडी आली."

"मग?" एकानं विचारलं.

"मग काय. बालवाडीनंच हाणलं की त्यान्ला."

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "गोल कुणी केला ते तरी सांगा काकूला. तो सांगणार न्हाई."

मग सात नंबरचा आवाज आला, हळू. "मी मारला न्हाई, चाची. मी पडलो. पडता पडता पायाला लागून गेला."

"डाव्या अंगावर," चार नंबर म्हणाला. "नेहमीसारखा."

"लागला म्हंजे लागला," हे म्हणाले. "कागदावर पडला म्हणून लिहीत न्हाईत, गोल म्हणून लिहितेत."

मी ताटं दारापर्यंत नेऊन ठेवली. सात नंबरनं उचलली. त्याच्या डाव्या कानामागं वाळलेली माती होती.

शर्ट मी तेव्हाच भिजवले. नळाला पाणी नव्हतं, हौदात तळाशी उरलेलं होतं तेवढं काढलं. नांदेडची माती आपल्यापेक्षा जरा तांबूस निघाली.

हेडसरांनी प्रार्थनेच्या वेळी पोरांना पुढं उभं केलं. शेडचं मागं पडलं. टीम पुढं राज्याला खेळायला गेली, तिथं पहिल्याच सामन्यात हरली, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. हे घरी येताना गुणगुणत यायचे. एकदा मला म्हणाले, "आता टीमला मरण न्हाई. पुढच्या खेपेला तूही चल बघायला." सात वर्षांत मी एकही सामना बघितला नव्हता.

खरा बदल उन्हाळ्यानंतर झाला, दहावीचा निकाल लागला तेव्हा. दहावीच्या वर्षी राज्याला खेळलेल्या पोरांना खेळाचे जादा मार्क मिळतात. ते नियमात आधीपासून होतं, पण आमची टीम कधी तिथवर पोचली नव्हती म्हणून कुणाच्या ध्यानात नव्हतं. नऊ नंबर त्या मार्कांवर पास झाला. दोन नंबर तर मुळातच हुशार, त्याचे एवढे वाढले की गल्लीत त्याच्या टक्क्यांवरून बोलणं चाललं होतं. लातुरात तेव्हा माणसं अर्ध्या टक्क्यासाठी पोराला गाव सोडायला लावत होती.

पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी मागच्या गल्लीतल्या कापड दुकानवाल्यांची बायको माझ्या दारात आली. हातात डबा. भूकंपानंतर ती माझ्या घरात आली नव्हती. मी चटई टाकली. ती बसली, पदरानं वारा घेतला, घर बघितलं.

"किती नीट ठेवलंय वहिनी तुम्ही," म्हणाली. मग डबा पुढं सरकवला, त्यात धपाटे होते. "मुलगा दहावीला आला बघा माझा."

मी मान हलवली.

"भावजींच्या टीममदी नाव टाकायचं होतं. निस्तं नाव. पळायला नगं त्याला, सकाळ-संध्याकाळ क्लास हाय. पळून आला की झोपतो, मग अभ्यास कवा करायचा?" तिनं कमरेची चिठ्ठी काढली. "तुम्ही दिली की ते न्हाई म्हणणार न्हाईत."

मी मान खाली घालून बसले. मला नाही म्हणायचं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. आमच्याकडं बाईनं मान खाली घातली की हो झालं. तिनं चिठ्ठी माझ्या मुठीत ठेवली आणि मूठ तिच्या हातानं मिटली. मग ती उठली नाही. चहा घेतला, तिच्या नणंदेचं सांगितलं, माझ्या आईची आठवण काढली. आई तिच्या दुकानात एकदा चोळीचा खण घ्यायला आली होती, हे मला माहीत नव्हतं. सात वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्या आईबद्दल माझ्याशी बोललं.

ती गेल्यावर मी चिठ्ठी घड्याळाखाली ठेवली. ह्यांनी वाचली, खिशात घातली.

त्या चिठ्ठीचं काम झालं. मग बाकीच्या आल्या. कुणी लोणचं आणलं, कुणी अळूच्या वड्या. कुणी म्हणालं, वहिनीकडं चिठ्ठी दिली की झालं. दुपारी माझ्या चटईवर दोन-दोन, तीन-तीन बायका बसायला लागल्या. एकमेकींना टोमणे मारायच्या, पोरांचे टक्के सांगायच्या, जाताना मला म्हणायच्या, या की आमच्याकडं. मी गेले नाही, पण कुणीतरी या म्हणतंय हे रोज ऐकायला मिळायचं. मी नवी चटई आणली. चहाचे कप वाढवले. चिठ्ठ्या घड्याळाखाली ठेवत गेले. जितकी नावं जास्त तितकी टीम जास्त वर्षं टिकेल, असं मी मनाशी म्हणायची.

शाळेच्या यादीत जागा ठरलेल्या असतात. नवी नावं आली तशी जुनी गेली. मी तो हिशोब केला नव्हता.

पहिल्यांदा मला कळलं ते पाण्यावरून. एक धुण्याचा दिवस होता. गाठोडं सोडलं, शर्ट बादलीत बुडवले, हात फिरवला, आणि पाणी काळं झालं नाही. मला वाटलं पाऊस नाही, माती चिकटत नसेल. पुढच्या खेपेला पुन्हा तसंच. चार नंबरचा गळा उसवलेला नव्हता. एक नंबरची कोपरं निळी. सात नंबरच्या डाव्या खांद्यावर मीच लावलेलं ठिगळ जसंच्या तसं, आणि काखेत मी घातलेल्या इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. त्या शर्टाला अत्तरासारखा कसला तरी वास होता. कुणीतरी तो घालून नुसतं उभं राहिलं होतं, हजेरीपुरतं.

हे मी ह्यांना सांगायला पाहिजे होतं. त्या दिवशी दुपारी बायका येणार होत्या. मी तिन्ही पाण्यांतून शर्ट काढले आणि वाळत घातले.

एकदा खरा सात नंबर आला. दारातच उभा राहिला, चपला न काढता.

"चाची, हे राहिलं होतं," म्हणाला. हातात गुडघ्याच्या पट्ट्या होत्या, मी जुन्या मोज्यांच्या शिवून दिलेल्या. धुऊन, घडी करून आणल्या होत्या.

"ठेव तुला," मी म्हणाले.

"काय करू? नाव न्हाई माझं यंदा. सर म्हणले, राखीवमदी बघू." ह्यांना पोरं सर म्हणायची. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "दहावी माझीबी हाय की, चाची."

आत चटईवर दोघी बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, कोण आहे. मी म्हणाले, कुणी नाही. तो अजून दारात होता.

जिल्ह्याचा सामना श्रावण संपताना झाला. हे मला म्हणाले नाहीत, पण चल म्हटलेलं होतं, म्हणून मी गेले. डोक्यावर पदर घेऊन मैदानाच्या कडेला लिंबाखाली उभी राहिले. माझे शर्ट मैदानावर होते. एक, दोन, तीन, सगळे. मी लांबून आकडे वाचत होते आणि आत कोण आहे ते मला एकाचंही कळत नव्हतं. सात नंबर घातलेला मुलगा गोरा, जाडसर. चेंडू आला की तो बाजूला व्हायचा. मी त्याच्या डाव्या खांद्याकडं बघत होते. तो एकदाही पडला नाही. समोरची टीम कुठल्याशा तालुक्याची होती, जिला आमच्या पोरांनी गेल्या साली हसत हरवलं असतं. किती गोल झाले ते मी मोजलं नाही. ह्यांनी ओरडायचं कधी थांबवलं तेवढं माझ्या लक्षात आहे. कडेला आयांचा घोळका होता. एक म्हणाली, "उन्हात किती वेळ ठेवतेत पोरांना." कापड दुकानवाली माझ्याकडं बघून हसली नाही.

हरल्यावर पुढं जायचं राहिलं, म्हणजे मार्कही राहिले. पंधरा दिवसांत नावं काढून घेतली गेली, जशी टाकली होती तशीच. जुन्या पोरांना परत बोलवायला हे घरोघर गेले. चार नंबर मुरुडला परत गेला होता. सात नंबर बापाजवळ बसून पत्रा ठोकत होता. तो म्हणाला, बघतो. दिवाळीनंतर मैदानावर शेड उभं राहिलं.

बायका यायच्या थांबल्या. मी आठवडाभर दुपारी चहाचं आधण ठेवत होते, मग सोडलं.

शेड उभं राहिलं त्या दिवशी मी ह्यांना सांगितलं. एवढं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. चिठ्ठ्या मीच घेतल्या, नाही म्हणता आलं असतं, बायका येऊन बसायच्या म्हणून म्हटलं नाही. शर्ट मळून येत नव्हते हे मला पहिल्या धुण्यालाच कळलं होतं. तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्ही काहीतरी केलं असतं.

हे तारेचं गुंडाळं हातात फिरवत बसले होते.

"चिठ्ठ्या तू दिल्यास," म्हणाले. "यादीत नाव मी घातलं. मला वाटलं, आज नावाला आलेत, उद्या खेळतील." मग गुंडाळं खाली ठेवून म्हणाले, "आन् गाठोडं मीच आणत होतो की. घामाचं गाठोडं जड लागतंय. ते हलकं झालतं."

म्हणजे त्यांनाही कळलं होतं. दोघांना माहीत होतं आणि ते गाठोडं आठवड्यामागून आठवडा आमच्यात येत-जात राहिलं.

हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. वरची खोली मी क्लासच्या मुलांना देते. ती वर्षाअखेरीला निघून जातात आणि अर्ध्या कोऱ्या वह्या टाकून जातात. त्यातल्याच एका वहीत हे लिहिते. पंधरा शर्ट ट्रंकेत आहेत. सात नंबरला मी निरोप पाठवला होता, तुझा शर्ट घेऊन जा. तो आला नाही. त्यानं यावं असं मी वागले नव्हते.

वर्षातून एकदा ट्रंक उघडून मी ते भिजवते, नाहीतर कसर लागेल. पाणी स्वच्छ राहतं. फक्त सात नंबरच्या खांद्याचं ठिगळ चोळलं, की कडेच्या शिवणीतून अजून थोडं काळं निघतं. ते मी फार चोळत नाही.